उताराची शाळा

दिवाळीनंतर एका संध्याकाळी दोघे भाऊ घरी आले. दोघेही एकेकाळचे माझे विद्यार्थी. थोरल्याच्या हातात झेरॉक्स केलेली, स्पायरल बाइंडिंगची वही होती. "सर, वाचून पहा. अन् प्रस्तावना तुमीच लिहा." मी म्हटलं, अरे, मी तीस वर्षं खो-खो आणि कबड्डी शिकवली. सायकल मला शाळेत जाण्यायेण्यापुरती. त्यावर धाकटा म्हणाला, "म्हणून तं आलो. सायकलवाला लिहीन तं सायकलीचंच लिहीन. आमचं पुस्तक शिकवण्याचं हाय."

वही रात्री वाचायला घेतली ती संपवूनच ठेवली. ज्याला सायकल येते, पण डांबर संपल्यावर जो उतरून हातात धरून चालतो, त्याच्यासाठी ही पुस्तिका आहे. खरं म्हणजे त्याला शिकवणाऱ्यासाठी आहे. पायवाट, पांदण, नाल्याची उतरण, गोट्यांचा चढ यांवरून सायकल नेण्याचा जो खेळ जगभर माउंटन बाइकिंग म्हणून ओळखला जातो, त्याचं प्रशिक्षण मराठीत, आपल्या जमिनीवर, आपल्या सायकलींवर कसं द्यायचं, एवढाच तिचा विषय.

आपल्याकडे सायकलीचं कौतुक कमी नाही. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत जोडीनं पूर्ण केली. दोन वर्षांनी आमच्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं पुरी केली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, हे आमच्या पिढीच्या पोरांना तोंडपाठ असायचं. पण हे सगळं दमाचं, छातीचं, मांड्यांचं कौतुक. घाट चढणाऱ्याला आपण राजा केलं. नीट उतरणाऱ्याला काय म्हणावं, यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. संगमनेरच्या प्रणिता सोमणसारख्या मुलीनं माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धांत पदकं आणली, तेव्हा बातमी आली आणि गेली. ती त्या दगडगोट्यांतून नेमकं काय करत खाली येते, हे कुणी लिहिलं नाही.

गंमत अशी की हा खेळ जन्मला तोच उतारावर. कॅलिफोर्नियातल्या मारिन काउंटीत काही पोरं जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यावरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली रीतसर शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे चारशे मीटर उतार. त्या सायकलींना पायडल उलटं दाबलं की लागणारा मागचा ब्रेक असे. खाली येईपर्यंत तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागायचं. त्या भरण्याला ते 'रिपॅक' म्हणत, म्हणून शर्यतीचं नावही रिपॅक. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी त्यातलीच. वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ जाऊन पोचला. पण त्याच्या मुळाशी ब्रेकची काळजी आहे, हे माझ्या दोन्ही विद्यार्थ्यांनी बरोबर हेरलं. त्यांच्या पुस्तिकेचा पहिला धडा 'थांबणे' हा आहे.

त्याआधी एक पान आहे आणि ते मला सर्वांत जास्त आवडलं. 'सायकल कुठे न्यायची नाही' असं त्याचं शीर्षक. लोणारात राहून हा खेळ शिकवायचा म्हटल्यावर बाहेरगावच्या माणसाच्या मनात पहिला विचार इथल्या उल्काविवराचाच येतो. पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचा एवढा मोठा वाडगा, कडेपासून तळ्यापर्यंत जवळजवळ दीडशे मीटर खोल, झाडीतून उतरणाऱ्या वाटा. वरून पाहिलं की सायकलवाल्याचे हात शिवशिवणारच. पुस्तिका सांगते : नाही. विवर हे २००० सालापासून वन्यजीव अभयारण्य आहे, १९७९ पासून राष्ट्रीय भूवारसा स्मारक आहे आणि २०२० च्या नोव्हेंबरात आतलं सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. आतल्या कमळजा देवीच्या दर्शनाला माणसं पायी जातात, तसंच जायचं.

कायद्याचं कारण तर आहेच, पण पुस्तिकेनं दिलेलं दुसरं कारण शिक्षकाचं आहे. आतला उतार पंचवीस-तीस अंशांचा. अशा उतारावर मागचं चाक अडकवून घसरत गेलं की टायर मातीत नाली पाडतो. पहिल्या पावसात पाणी त्या नालीतून धावतं आणि पुढच्या वर्षी तिथं घळ झालेली असते. विवराचं वय आम्ही पूर्वी पुस्तकात बावन्न हजार वर्षं वाचलं होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉनच्या मोजणीनं ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास नेलं. यातला कोणताही आकडा घ्या, इतकी वर्षं टिकलेल्या कडेवर आपल्या टायरची नक्षी कशाला? ज्याला वाट राखता येत नाही त्याला वाटेवर सायकल चालवताही येत नाही, असं मी मुलांना म्हणणार होतो. पण त्यांनी ते आधीच करून ठेवलं होतं.

मग शाळा भरते कुठे? कडेपासून दूर, अभयारण्याच्या हद्दीबाहेर. उल्का आदळली तेव्हा आतला खडक उसळून चहूबाजूंना पडला. त्यामुळे विवराची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच उचललेली आहे आणि तिथून बाहेरच्या अंगाला जमीन हळूहळू, चार-पाच अंशांनी उतरत शेतांत मिसळते. त्याही पलीकडे, शेतमालकाला विचारून घेतलेला पडीक तुकडा आणि त्याच्या धुऱ्यालगतची जुनी पांदण. वर मुरूम, मध्ये बेसाल्टचे सुटे गोटे, खाली काळी माती. अडीचशे-तीनशे पावलांत जमिनीचे तीन स्वभाव. नव्या शिकाऊला यापेक्षा जास्त काही लागत नाही. जवळून समृद्धी महामार्ग गेला, २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी टप्पा सुरूही झाला. तिथं सायकलला मज्जाव आहे. पांदणीला अजून तरी टोलनाका नाही.

मी एका रविवारी सकाळी सात वाजता तिथं जाऊन बसलो. अकरा मुलं होती. चौघांकडे गिअरच्या सायकली, तिघांकडे ज्याला सगळा गाव 'रेंजर' म्हणतो तशा जाड टायरच्या बिनगिअरच्या, आणि चार मुली शाळेच्या सायकली घेऊन आलेल्या. मानव विकास कार्यक्रमातून, गावापासून शाळा लांब असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना मिळतात तसल्या : पुढे टोपली, मागे कॅरिअर, वजन भरपूर. मी थोरल्याला विचारलं, "या सायकलीवर कसं रे शिकवणार?" तो म्हणाला, "सर, उतार सायकल पाहून थोडाच सोपा होते?"

आधी तपासणी. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवायचं, ढिलं आहे का. मग ब्रेक. उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा की मागच्या, हे दाबून पाहायचं आणि मोठ्यानं सांगायचं. बाहेरून आलेल्या काही सायकलींत ते उलटं असतं आणि उतारावर हे कळणं फार उशिराचं असतं. दोन मुलांच्या सायकलींचे ब्रेक तारच नसल्यासारखे ढिले होते. त्यांना त्या दिवशी सायकल मिळाली नाही. त्यांना चुन्याच्या रेषा मारायला लावलं.

रेषा पाच, दर दहा पावलांवर एक. काम एवढंच : वरून सोडायचं, पायडल मारायचं नाही, आणि सांगितलेल्या रेषेवर पुढचं चाक थांबवायचं. घसरून थांबलं तर मोजत नाही. ऐकायला बालवाडीचा खेळ. पहिल्या फेरीत उरलेल्या नऊपैकी एकालाही जमला नाही. मुलांना ब्रेक म्हणजे बटण वाटतं : चालू किंवा बंद. त्यातही बहुतेक जण फक्त मागचाच दाबतात, कारण 'पुढचा दाबला की तोंडावर पडशील' हे प्रत्येक बापानं प्रत्येक पोराला सांगून ठेवलेलं. वास्तविक सायकल थांबू लागली की भार पुढे सरकतो, पुढचा टायर जमिनीत रुततो आणि खरी थांबवण्याची ताकद त्याच्यातच येते. मागचं चाक हलकं होऊन घसरतं. बापाचं म्हणणं खोटं नव्हे. सुट्या मुरमावर, वळणात, झटक्यानं पुढचा दाबला तर माणूस पडतोच. पण त्यावर उपाय न दाबणं हा नव्हे, दाबायची रीत हा आहे.

ती रीत धाकट्यानं कशी सांगितली, ते मी विसरणार नाही. त्यानं विचारलं, "दूध कोण काढतं घरी?" चार-पाच हात वर झाले. "मंग सडाला झटका देता का? दिला तं गाय काय करन?" सगळे हसले. "तसाच ब्रेक. दोन बोटं, हळू दाबत आणायचं, दूध आलं की तेवढ्यावर धरायचं." पुढच्या फेरीत शाळेच्या सायकलीवरची एक मुलगी, टोपलीत दप्तर तसंच ठेवलेलं, तिसऱ्या रेषेवर चाक आणून उभी राहिली. चुन्याच्या रेषेवर टायरचा ठसा उमटला, पण रेषा फिसकटली नाही. ती काहीच बोलली नाही. सायकल वळवली आणि ढकलत परत वर निघाली.

या पुस्तिकेचं मोल मला या गाईत दिसतं. शिकवणाऱ्याच्या तोंडी कोणता शब्द आहे, यावर शिकणाऱ्याचं अंग अवलंबून असतं. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेनं सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये स्कीइंगसारख्या डोलणाऱ्या यंत्रावर एक प्रयोग केला. काहींना सांगितलं, आपल्या बाहेरच्या पायावर जोर द्या. काहींना सांगितलं, पायाखालच्या चाकांवर जोर द्या. दोन्हींत फरक बोटभरही नाही. तरी चाकांकडे लक्ष दिलेली माणसं चांगली शिकली. आपल्या अवयवाकडे लक्ष वळवलं की अंग अवघडतं; बाहेरच्या वस्तूकडे वळवलं की ते आपलं आपण जुळवून घेतं. मल्लखांबाच्या आखाड्यातले वस्ताद हे प्रयोगाशिवाय जाणत असावेत. ते पोराला 'कंबर अमुक अंशात वळव' म्हणत नसत, 'खांबाला चिकट' म्हणत.

उलट उदाहरण माझं स्वतःचं आहे. काही वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या एका शिबिरात मुलांना घेऊन गेलो होतो. उत्साहाच्या भरात मीही सायकल घेतली. शिकवणारा तरुण भला होता, पण त्याला उतारासाठी एकच वाक्य येत होतं : "मागं सरका, मागं सरका!" मी सरकलो. इतका सरकलो की पोट सीटवर आणि हात ताठ. हात ताठ झाल्यावर हँडल वळेना, पुढच्या चाकावर भार उरला नाही म्हणून ते मुरमावरून तरंगत गेलं, आणि मी करवंदीच्या जाळीत. उजव्या मनगटाला पावणेदोन महिने प्लास्टर. दोष त्या तरुणाचा नव्हता. जगभर बराच काळ असंच शिकवलं जायचं.

पुस्तिकेत 'मागं सर' हे शब्द कुठेही नाहीत. त्याऐवजी आहे : पायडलं आडवी, दोन्ही सारख्या उंचीवर, पायांत वजन, हातांत नाही, टाचा खाली, कोपरं बाहेर, छाती हँडलकडे वाकलेली. हात हँडलवर इतके हलके की मध्ये कुणी बोट घालून उचलावं. सायकल खाली हलते, उसळते, आडवी होते. माणूस तिच्यावर स्थिर राहतो. हे चित्रात पाहून कळत नाही. म्हणून थोरला सायकल उभी धरतो, मुलाला पायडलांवर उभं करतो आणि सायकल स्वतःच डावी-उजवीकडे झुकवतो. 'ती हलू दे, तू हलू नको.' दहा मिनिटं एवढंच.

नजरेचा धडा मला थोडा लांबला असं वाटतं, पण त्यातलं एक वाक्य त्यांनी वडिलांकडून घेतलंय, ते कापायला मी नको म्हटलं. तिफण हाणणारा फणाकडे बघत नाही, समोरच्या धुऱ्याकडे बघतो, तेव्हा तास सरळ पडतं. सायकलवर मुलं पुढच्या चाकासमोरच्या दगडाकडे बघतात, आणि ज्याच्याकडे बघतात त्याच्यावरच जाऊन आदळतात. दगडाकडे एकदा बघायचं, तो कुठे आहे हे कळलं की नजर उचलून पुढच्या मोकळ्या जागेवर न्यायची. वळणातही तेच. वळण सुरू व्हायच्या आत ब्रेक उरकायचा, बाहेरच्या बाजूचं पायडल खाली, त्यावर उभं राहायचं, सायकल आत झुकवायची आणि नजर वळण संपतं तिथं.

चाकोरीचा धडा मात्र खास आपला. पांदणीवर बैलगाडीनं, हल्ली ट्रॅक्टरनं, पावसाळ्यात पाडलेल्या दोन खोल घळी उन्हात दगडासारख्या वाळतात. परदेशी पुस्तकांत झाडांची मुळं आणि लाकडी उड्या फार, चाकोरी कमी. चाकोरीत चाक शिरलं की हँडल वळवून बाहेर काढायचा मोह होतो. टायर कडेला घासतो, वळतो आणि माणूस बाजूला. बाहेर पडायचं असेल तर आधी हळू व्हायचं, बाहेरच्या कडेकडे थोडी कोनात जागा मिळेपर्यंत थांबायचं, पुढचं चाक हलकं करून ते उचलून कडेवर ठेवायचं, आणि मागचं आपसूक येतं. आणि नाहीच बाहेर पडायचं, तर सरळ पुढे बघून आतूनच जायचं. चाकोरीतून चालणं हे आपल्याकडे दूषण आहे, इथं ते कौशल्य आहे.

काळ्या मातीचं मी थोडक्यात सांगतो, कारण पुस्तिका सविस्तर सांगते : पावसात जायचं नाही. दहा फेऱ्यांत चाक आणि फोर्क यांच्यामध्ये माती अशी गच्च बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि शेतकऱ्याच्या पांदणीचं जे होतं ते वेगळं. मोसम दिवाळीनंतरचा, होळीपर्यंत. त्यानंतर सकाळी नऊच्या आत.

बाभळीच्या काट्याला पूर्ण पान दिलंय आणि ते योग्यच. मुलं टायरमध्ये दगडासारखी हवा भरतात, कारण पंक्चरवाल्यानं तसं शिकवलंय. डांबरावर ते चालतं. मुरमावर कडक टायर उसळतो, पकड सोडतो. साठ-सत्तर किलोच्या माणसाला रुंद टायरमध्ये पंचवीस-तीस पीएसआय पुरतात. त्याहून फार कमी केली तर गोट्यावर आदळून ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात. काटा मात्र हवा पाहून येत नाही. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही, हे मी मुलांकडून त्याच सकाळी शिकलो, कारण एकानं न फिरवता घातली आणि वीस पावलांत टायर पुन्हा बसला.

मतभेद एका प्रकरणाबद्दल आहे. शेवटी उड्यांचा धडा आहे : दोन्ही चाकं उचलून अडथळा ओलांडणं. माझ्या मते पहिल्या वर्षात तो नको. मुलं पहिली सतरा पानं उलटून तिथंच जातील, हे तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. थोरल्याचं म्हणणं, नाही लिहिलं तर मोबाइलवर बघून करतील, त्यापेक्षा नीट पायरीपायरीनं लिहिलेलं बरं : आधी सपाटीवर अंग दाबून टायरची उसळी ओळखायची, मग पुढचं चाक, मग मागचं, आणि जमिनीवर फक्त चुन्याची रेषा, दगड नाही. आम्ही दोन तास भांडलो. धडा राहिला. त्याआधी 'हेल्मेट नसेल तर हे पान वाचू नये' अशी ओळ मी घालायला लावली.

वही परत नेताना थोरला दारात थांबला. "सर, ये रविवारी येता का? नुसतं बसायला नाही." मी म्हटलं, बघू. ते गेल्यावर अंगणातल्या माझ्या जुन्या सायकलीचे दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. मागचा लागत होता. पुढच्याची रबरं घासून पत्र्याला टेकली होती. किती वर्षांपासून, देव जाणे. शनिवारी चौकातल्या दुकानात जाऊन नवी बसवून घेतली.